डोंगरातली फौज, दूरवरचे निर्णय : मॉन्टेनेग्रोची दैनंदिनी

सोमवार, त्सेतिन्ये

पोद्गोरित्साहून निघालेला रस्ता चुनखडीच्या उघड्या डोंगरांतून चढत त्सेतिन्येच्या पठारावर येतो, तेव्हा तालुक्याच्या गावाएवढ्या या जुन्या राजधानीने ऑटोमन साम्राज्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज कशी दिली असेल, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर फौजेच्या घडणीत आहे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ येथे पगारी सैन्य जवळजवळ नव्हतेच. 'पेर्यानिक' म्हणून ओळखले जाणारे राज्यकर्त्याचे अंगरक्षक तेवढे कायम चाकरीत असत, आणि बाकीचा प्रत्येक धडधाकट पुरुष आपल्या 'प्लेमे'च्या, म्हणजे एकाच परिसरात नांदणाऱ्या कुळांच्या समूहाच्या, निशाणाखाली घरचेच हत्यार घेऊन उभा राही. अशी फौज झटपट गोळा होई, पण शेतीची कामे आली की तितक्याच झटपट पांगे, आणि म्हणून जिंकलेला मुलूख धरून ठेवणे तिला जड जाई.

येथील संग्रहालयात १८७६ मध्ये ऑटोमन फौजेविरुद्ध जिंकलेल्या वुच्यी दोच्या लढाईतले, गोळ्यांनी चाळण झालेले निशाण जपून ठेवले आहे. त्या विजयाचे मोल मात्र रणांगणावर ठरले नाही. रशियाने तुर्कस्तानकडून मार्च १८७८ मध्ये सान स्तेफानो येथे करवून घेतलेल्या तहात मॉन्टेनेग्रोला भरघोस मुलूख मिळाला होता. त्याच वर्षी जुलैत बर्लिनला जमलेल्या महासत्तांनी त्याला कात्री लावली, स्वातंत्र्य मान्य केले, बारचे बंदरही दिले, परंतु या देशाने युद्धनौका बाळगू नयेत आणि त्याच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिया-हंगेरीने पहारा ठेवावा, अशी अट कलम २९ मध्ये घातली. समुद्र द्यायचा आणि नौका नाकारायच्या, हे औदार्य विचित्रच म्हटले पाहिजे.

बुधवार, श्कोडर

हे शहर आज अल्बेनियात आहे, आणि मॉन्टेनेग्रोच्या लष्करी इतिहासातले सर्वांत कडू प्रकरण त्यातच आहे. ८ ऑक्टोबर १९१२ रोजी बाल्कन मित्रराष्ट्रांपैकी सर्वांत आधी ऑटोमन साम्राज्याविरुद्ध युद्ध पुकारून मॉन्टेनेग्रोचा राजा निकोलाने श्कोडरला वेढा घातला. तराबोशच्या तटबंदीयुक्त टेकडीवर त्याच्या सैनिकांची अपरिमित हानी झाली, कारण डोंगरी झुंजीत तरबेज असलेल्या या फौजेला खंदक आणि तोफखान्यापुढे सरळ चाल करून जाण्याचा सराव नव्हता. एप्रिल १९१३ मध्ये शहराचा ऑटोमन सेनापती एसाद पाशाने अखेर शहर हवाली केले. पण ते अल्बेनियाला द्यायचे हे लंडनमधील राजदूतांच्या परिषदेत आधीच ठरले होते, आणि महासत्तांच्या नौदलाने किनाऱ्याची नाकेबंदी केल्यामुळे मे महिन्यात निकोलाला ते सोडावे लागले.

गुरुवार, मोयकोवाच

तारा नदीच्या या खोऱ्यात ६ व ७ जानेवारी १९१६ रोजी, म्हणजे ऑर्थोडॉक्स नाताळाच्या आदल्या दिवशी आणि नाताळच्या दिवशी, पहिल्या महायुद्धात मॉन्टेनेग्रोचा सेनापती यांको वुकोतिचच्या सैन्याने ऑस्ट्रो-हंगेरियन फौज रोखून माघार घेणाऱ्या सर्बियन सैन्याची बाजू सांभाळली. त्याच महिन्यात राजधानी पडली आणि मॉन्टेनेग्रोने शस्त्रे खाली ठेवली.

शनिवार, तिवात

कोतोरच्या उपसागरात ऑस्ट्रिया-हंगेरीने १८८९ मध्ये नौदलाचा कारखाना उभारला, पुढे तो युगोस्लाव्हियाकडे गेला, आणि आता तेथे धनिकांच्या खासगी नौका नांगरतात; त्यांच्या शेजारी 'हेरोय' ही निवृत्त युगोस्लाव्ह पाणबुडी प्रदर्शनात ठेवली आहे. २००६ मध्ये सर्बियापासून वेगळे होताच मॉन्टेनेग्रोने सक्तीची लष्करी सेवा रद्द केली. सध्याच्या लहानशा सेनेकडे लढाऊ विमाने नाहीत, आकाशावर इटली आणि ग्रीसची विमाने लक्ष ठेवतात. २०१७ मध्ये नाटोप्रवेशाला संसदेने ८१ पैकी ४६ मतांनी मान्यता दिली. विरोधकांनी त्या बैठकीवर बहिष्कार टाकला होता, आणि १९९९ मध्ये नाटोचेच बॉम्ब याही भूमीवर पडले होते हे पाहता तो अनपेक्षित नव्हता. नौदलाचे 'यद्रान' हे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज मात्र अजून वादात आहे, कारण त्यावर नाटोतलाच शेजारी क्रोएशिया हक्क सांगतो.