बीएसए निघाली भंडारदऱ्याला

आठ महिने गॅरेज, दोन मेकॅनिक, एक हट्टी आजोबा आणि दुसऱ्या महायुद्धातली मोटरसायकल. अकोले ते भंडारदरा रस्त्यावरच्या एका टेस्ट राइडची ही गोष्ट.

पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये एक फॅड तुम्हीही पाहिलं असेल. भिंतीवर जुना रेडिओ, कोपऱ्यात शिवणयंत्र आणि दारातच एखादी विंटेज मोटरसायकल. आपण कॅपुचिनो मागवतो, बाइकला टेकून फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. त्या बाइकच्या टाकीत पेट्रोल आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझ्या मित्राच्या आजोबांच्या बीएसएसाठी अशाच एका कॅफेत जागा तयार होती. पैसे बरे मिळणार होते, मित्राचे बाबा राजी होते आणि मित्राचं 'हो-नाही' चाललं होतं. आजोबांची अट मात्र एका वाक्याची होती. "भंडारदऱ्याला जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आली तर घरात राहील. नाही आली, तर कॅफेत द्या नाहीतर भंगारात, मला विचारू नका."

म्हणून ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही अकोल्यात हजर. अकोला नव्हे बरं का, अकोले! विदर्भातलं शहर वेगळं. हे आपलं पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, संगमनेरच्या पुढचं तालुक्याचं गाव. प्रवरेच्या काठावर अगस्ती ऋषींचा आश्रम, गावाभोवती ऊस आणि पश्चिमेला पाहिलं की सह्याद्रीची भली मोठी भिंत. महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक, १६४६ मीटरचं कळसूबाई, याच तालुक्याच्या हद्दीवर उभं आहे.

गाडी चालवायला माझीच निवड का? तर बीएसएचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. माझा मित्र शिकला तो डाव्या गिअरच्या गाड्यांवर. घाटात ब्रेक समजून गिअर दाबणारा माणूस काय कामाचा? मी शिकले बाबांच्या जुन्या बुलेटवर, तेव्हा हा उलटा हिशेब माझ्या पायांना पाठ आहे.

तीन बंदुका आणि एक सिलिंडर

आता नायिकेची ओळख. मॉडेल बीएसए एम-२०. एकच सिलिंडर, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह इंजिन. पुढे गर्डर फोर्क, मागे सस्पेन्शनच नाही. खड्डा आला की काय तो सीटखालच्या दोन स्प्रिंगांचा आधार. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. ही कंपनी १८६१ मध्ये सुरू झाली ती बंदुका बनवायला, म्हणून तिच्या चिन्हात एकमेकींना टेकलेल्या तीन बंदुका दिसतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांसाठी एम-२० सव्वा लाखांच्या आसपास बनल्या. निरोप्यांनी त्या वाळवंटात पळवल्या, चिखलात पळवल्या. वेग बेताचाच, पण दमाला पक्की. युद्ध संपल्यावर अशा कितीतरी गाड्या लिलावात निघाल्या आणि सिव्हिलियन झाल्या.

आजोबांकडे ही आली १९६८ मध्ये, तिसऱ्या मालकाकडून. आजोबा जनावरांचे डॉक्टर. राजूर, भंडारदरा, घाटघर हा त्यांचा इलाका. इथल्या डांगी गाई-बैलांचं एक भारी वैशिष्ट्य आहे. त्यांच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे धो-धो पावसातही ती चिखलात काम करू शकतात. "गुरांना रेनकोट होता, मला नव्हता," असं आजोबा सांगतात. अडलेली गाय सोडवायला रात्री-अपरात्री हीच फटफटी. ती मागच्या पंधरा वर्षांपासून गोठ्याशेजारच्या खोलीत ताडपत्रीखाली होती.

आठ महिन्यांचं दुखणं

मित्राने हौसेने ती पुण्याला एका गॅरेजमध्ये दिली. तिथे तिने आठ महिने काढले. इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, कार्ब्युरेटर साफ झाला, मग बदलला, प्लग तर डझनभर झाले. गॅरेजच्या दारात गाडी दोन-तीन किकमध्ये सुरू व्हायची आणि मस्त धडधडायची. डिलिव्हरी घेऊन निघालं की दहा-बारा किलोमीटरवर गचके देऊन बंद! अर्धा तास झाडाखाली उभी केली की पुन्हा सुरू, आणि पुन्हा बंद. तीनदा हेच झालं. चौथ्यांदा ती टेम्पोत बसून अकोल्याला परत आली. कॅफेची ऑफर आली ती त्याच आठवड्यात.

मग संगमनेरच्या एका मिस्त्रींचं नाव कुणीतरी सुचवलं. सत्तरीचे गृहस्थ, दुकानाला धड पाटी नाही. त्यांनी गाडीला किकसुद्धा मारली नाही. एवढंच विचारलं, "थंड असताना चालते आणि गरम झाली की मरते, बरोबर?" आणि इंजिनाला हात न लावता मॅग्नेटो खोलला.

मॅग्नेटो म्हणजे काय, हे पल्सर-अॅक्टिव्हा पिढीला सांगायला हवं. या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. इंजिनच एक छोटं जनित्र फिरवतं. चुंबकाच्या पोटात तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं फिरतं आणि ठिणगी तयार होते. त्या वेटोळ्याच्या जोडीला एक कंडेन्सर असतो. इतक्या वर्षांत कंडेन्सर म्हातारा होतो, तारेवरचं इन्शुलेशन सैल पडतं. थंड असताना सगळं ठीक चालतं. तापलं की करंट भलत्याच वाटेने पळतो आणि ठिणगी मरते. गार झालं की पुन्हा जिवंत.

मिस्त्रींनी ते आर्मेचर एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं, वर शंभर वॅटचा बल्ब लावला आणि चहा प्यायला गेले. तासाभराने मोजलं तर दोष उघडा पडला. "थंड इंजिनापुढे सगळेच मेकॅनिक हुशार असतात," ते म्हणाले. वेटोळं नव्याने भरलं, कंडेन्सर आजच्या जमान्यातला बसवला. खर्च कॅफेच्या ऑफरच्या पासंगालाही पुरणार नाही इतका.

पण हे खरंच बरं झालंय का, ते गॅरेजच्या दारात कळणार नव्हतं. गाडी तापायला हवी, चढावर दमायला हवी, मग थांबायला हवी. बंद केल्यावर वारा लागत नाही आणि इंजिनाची धग मॅग्नेटोपर्यंत पोचते. पंधरा मिनिटं थांबून ती गरमागरम सुरू झाली तर पास. आजोबांना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी भंडारदरा म्हटलं होतं.

राजूरची परीक्षा

आठ वाजता निघालो. पुढे मी, मागे मित्राच्या बाइकवर मिस्त्री आणि त्यांची टूलकिट, त्यामागे कारमध्ये बाबा आणि पुढच्या सीटवर आजोबा. इग्निशनचा लीव्हर थोडा मागे, व्हॉल्व्ह लिफ्टर दाबून किक जागेवर आणली आणि एक ठाम किक. धड... धड... धड. आजच्या गाड्यांचा गुणगुणता आवाज नाही हा, ठोके अक्षरशः मोजता येतात.

राजूर तिथून वीस-बावीस किलोमीटर. सुरुवातीला ऊस, कांद्याची रोपं, दुधाच्या कॅनवाल्या मोटरसायकली. स्पीडोमीटर मैलात आहे. काटा चाळिशीवर ठेवला की गाडी खुशीत असते. ब्रेक लावायचा म्हणजे आधी विचार करायचा, मग अर्ज करायचा, मग मंजुरीची वाट बघायची. दहा किलोमीटर झाले, बारा झाले. मागच्या वेळी जिथे दम तोडायची ते अंतर गेलं. विठा घाटात दुसरा गिअर टाकला. पायांच्या मधून तापलेल्या लोखंडाची आच येत होती, पण ठोका एकदाही चुकला नाही.

राजूरला पोचून मी इंजिन बंद केलं. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत, पण त्या पंधरा मिनिटांत कुणाला चव कळली असेल तर शपथ! बाजारात आलेली दोन-चार म्हातारी माणसं गाडीभोवती जमली. एकाने टाकीवर हात ठेवला आणि कारकडे बघत म्हणाला, "ही तं डॉक्टरची फटफटी! माझ्या बैलाचा पाय हिच्यावर येऊन बांधला व्हता." आजोबा काच खाली करून त्याचं नाव आठवायचा प्रयत्न करत होते. आठवलंही, बापाच्या नावासकट.

पंधरा मिनिटं झाली. पहिली किक, काही नाही. दुसरी किक, फक्त एक फुसका उसासा. बाबांनी मोबाइल काढला. टेम्पोवाल्याला लावायचा असणार. मित्र कार्ब्युरेटरकडे वाकला तसे मिस्त्री करवादले, "हात लावू नको! गरम आहे, पेट्रोल जास्त झालंय. हवा पूर्ण उघड आणि मार." तिसऱ्या किकला बीएसए अशी काही सुरू झाली, की जमलेल्या मंडळींनी टाळ्याच वाजवल्या. मोबाइल खिशात गेला.

साबण आणि धरण

राजूर सोडलं की देखावाच बदलतो. ऊस संपतो आणि पिवळी पडत चाललेली भातखाचरं सुरू होतात, डोंगर अंगावर येतात. याच वाटेवर रंधा धबधबा लागतो. तिथे गाडीने पुन्हा नाटक केलं, पण वेगळंच. पेट्रोलच्या तोटीतून थेंब थेंब गळायला लागलं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या तोट्यांमधल्या बुचाला ते मानवत नाही. गंमत बघा, ज्या उसामधून आपण सकाळी आलो, तसल्याच उसाच्या मळीतून इथेनॉल बनतं! मिस्त्रींनी टपरीवरून दहा रुपयांची साबणाची वडी आणली, ओली करून मळली आणि गळतीवर थापली. गळती बंद. "घरापर्यंत पुरेल. नंतर रबरी सील टाकू."

आणि मग भंडारदरा. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, नाव मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. दगडी बांधकामाची ही ८२ मीटर उंच भिंत आपल्या बीएसएपेक्षाही वयाने मोठी. पण तीही दुरुस्तीतून सुटली नाही. १९६९ मध्ये धरणाला तडे गेले आणि मग आधार देऊन ते मजबूत करण्यात आलं. ते आजही पाणी अडवतंय, शेतं भिजवतंय. "जुनं आहे म्हणून कुणी याचं म्युझियम केलं नाही," मिस्त्री भिंतीकडे बघत म्हणाले आणि बिडी पेटवायला बाजूला गेले.

आजोबा कारमधून उतरून हळूहळू गाडीजवळ आले. मॅग्नेटोच्या वर हात धरून धग बघितली, जसा जनावराचा ताप बघतात तसा. "वाटेत किती वेळा बंद पडली?" मी म्हटलं, "एकदाही नाही." ते मुलाकडे वळले. "कॅफेवाल्याला कळव, गाडी कामावर आहे."

पुढे काय?

परत येतानाही ती बंद पडली नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. बीएसएचं नाव २०१६ मध्ये महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सने घेतलं आणि २०२४ मध्ये नवी गोल्ड स्टार भारतात आली. ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या २०२३ पासून आपल्या चाकणमध्ये बनताहेत. ब्रिटिश बाइकचा लूक हवा असेल तर शोरूममध्ये जा, बटण दाबा, निघा. जुनी गाडी ठेवायची म्हणजे वेगळाच संसार. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी करता येते. नवी नोंदणी २० हजार रुपयांची, नंबर प्लेटवर 'व्हीए'. पण मग ती रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, देखभाल एवढ्यापुरतीच. या बीएसएची साधी नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकरण करून चालू ठेवलेली आहे, आणि आजोबांना ती तशीच हवी आहे.

मिस्त्रींनी जाताना अट घातली, महिन्यातून एकदा तरी तीस-चाळीस किलोमीटर चालली पाहिजे, नाहीतर पुन्हा तेच दुखणं. आजोबांना आता किक मारणं शक्य नाही. बाबांना हौस नाही. उरला माझा मित्र, जो पुण्याला नोकरी लागल्यापासून दिवाळी सोडली तर अकोल्याला फिरकत नव्हता. सध्या तो महिन्याचा दुसरा शनिवार रिकामा ठेवतो आणि उजव्या पायाचा गिअर शिकतोय. परवा त्याने तीस किलोमीटरमध्ये चारदा ब्रेकऐवजी गिअर दाबला. आजोबा मागे कारमधून मोजत होते.

कसं जाल, काय कराल?

पुण्याहून चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर करत अकोले. मुंबईहून येत असाल तर घोटीहून बारीमार्गे भंडारदरा जवळ. धरण, रंधा आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर एका दिवसात होतं. कळसूबाई करायचं असेल तर पायथ्याच्या बारीत मुक्काम ठेवा. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, दिवे लावूनच चालवा. आणि राजूरला पेढे घ्यायला थांबाच. गाडी जुनी असेल तर पूर्ण पंधरा मिनिटं थांबा.