लोहा ओळीत जा, लकडगंजात जा!

नागपूरकरांनो, घरी व्यायामशाळा उभारायची असेल तर हातातला मोबाइल आधी खाली ठेवा आणि इतवारीत जा. लोहा ओळीत जा, तिथून लकडगंजात जा, वाटेत कबाडी दिसला तर गाडी थांबवा. मी हे अगदी ओरडून सांगते आहे, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. डंबेलचे चकचकीत संच आणि त्यांच्या किमती बघून मी कितीदा तरी गप्प बसले होते, आणि इथे माझ्याच गावात, माझ्या घरापासून ऑटोनं वीस मिनिटांवर, वजन किलोनं विकत मिळतं! लोखंड किलोनं, रेती घमेल्यानं, लाकूड फुटानं. दुकानात खेळाचं सामान म्हणून जे मांडून ठेवतात, त्याचा कच्चा माल सगळा या दोन बाजारांत उघड्यावर पडलेला आहे.

व्यायामाला लागतं तरी काय? उचलायला ओझं, ते थोडंथोडं वाढवायची सोय, लटकायला एक दांडी, आणि उभं राहायला पाय न घसरणारी जमीन. एवढं जमलं की बाकी आरसे नि निळे दिवे नसले तरी काही अडत नाही.

सुरुवात दांडीपासून केली. लोहा ओळीतल्या एका दुकानात विचारलं, तर गल्ल्यावरचे भाऊ म्हणाले, "काय पाहिजे जी ताई, गेटासाठी काय?" म्हटलं, लटकायला पाहिजे. "कोन लटकनार?" मी. एक क्षण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माणूस जो खुलला! "मंग पिवळ्या पट्ट्याचा नका घेऊ. लाल पट्ट्याचा घ्या." तेव्हा मला कळलं की जीआय पाइपवर रंगाचे पट्टे असतात: पिवळा म्हणजे हलका ए क्लास, निळा मधला बी, लाल जाड भिंतीचा सी. एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास साधारण 34 मिलिमीटर भरतो, म्हणजे मूठ पूर्ण मिटते आणि पकडही चांगली बसते. वेल्डिंगवाल्यानं दोन्ही टोकांना पत्र्याच्या जाड प्लेटा मारून दिल्या, त्या जिन्याच्या खोलीतल्या समोरासमोरच्या भिंतींत अँकर बोल्टनं बसल्या. विटांच्या सांध्यात भोकं पाडू नका, जमलं तर काँक्रीटच्या बीममध्येच पाडा. दांडी तयार!

मग बार. इथे मला त्या भाऊंनी जे शिकवलं ते मी आता भेटेल त्याला सांगत सुटले आहे. लोखंडाच्या गोल बारचं वजन काढायला काटा लागत नाही. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 नं भागा, की एका मीटरचे किलो हातात! 28 चा वर्ग 784, भागिले 162, म्हणजे मीटरला 4.84 किलो. सात फुटांचा बार घेतला तर सव्वादहा किलोच्या आसपास. बांधकामावरचा प्रत्येक मिस्त्री हे तोंडपाठ म्हणतो, आणि मी शाळेत इतकं गणित करूनही लोखंड असं डोक्यात तोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. 28 मिलिमीटरच का? कारण ऑलिम्पिकमध्ये पुरुष ज्या बारनं वजन उचलतात त्याच्या मुठीतला व्यास 28 मिलिमीटरच असतो. तो बार 20 किलोचा, उंची पोलादाचा, लवचीक, हे खरं, पण मुठीला जाडी तीच. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य मिळवलं. वडील पानटपरी चालवणारे, आणि मुलगा हा असा! त्याच्या मुठीत होता तेवढ्याच जाडीचा बार माझ्या गच्चीवर आहे, ही कल्पनाच मला सकाळी उठवते. मात्र बार गुळगुळीत घ्यायचा. बांधकामाची नक्षीदार सळई तळहात सोलून काढते.

वजनाच्या चकत्या मी ओतल्या! सिमेंट, रेती आणि बारीक गिट्टी, एकास दोनास तीन. साचा म्हणून प्लास्टिकचा सपाट तळाचा टब, आतून खराब तेलाचा हात. मधोमध 40 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करायचा, म्हणजे बारसाठी भोक तयार. पोटात कोंबडी जाळीचा गोल तुकडा, तो नसेल तर चकती आपटल्यावर दोन भाग होतात. काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो भरतं. त्या हिशेबानं 25 सेंटिमीटर रुंद नि 5 सेंटिमीटर जाड चकती सहा किलोच्या जवळ जाते, 40 सेंटिमीटरची केली तर थेट पंधरा. घाई मात्र करायची नाही. सात दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचं, आणि पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात. रोज संध्याकाळी मी त्या टाकीत डोकावून बघत असे. शेवटी रद्दीवाल्याच्या काट्यावर एकेक चकती तोलून तिच्यावर रंगानं आकडा लिहिला, तेव्हा जो आनंद झाला तो कुठल्याच खरेदीत झाला नसता.

रेतीची पिशवी तर त्याहून सोपी. ट्रकच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा, एक तोंड बांधायचं, सुकी कन्हानची रेती भरायची, दुसरं बांधायचं. लिटरला साधारण दीड-पावणेदोन किलो धरा. ट्यूब हवी तर अमरावती रोडवर वाडीकडे, ट्रकवाल्यांच्या दुकानांत विचारा. जमिनीसाठी मात्र विदर्भातच सुचावी अशी युक्ती आहे. आपण कोळशाच्या पट्ट्यात राहतो, वेकोलि या कोळसा कंपनीचं मुख्यालय नागपुरात आणि कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं डोळ्यांसमोर. कोळसा वाहणारे कन्व्हेयर बेल्ट झिजले की भंगारात येतात. जाड रबर, आत कापडाचे थर! असा एक पट्टा खाली अंथरला की चकती पडली तरी फरशी शाबूत. धुऊन घ्या आणि दोन दिवस उन्हात टाका, बस.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. वापरातल्या गच्चीवर दर चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास भार धरून आराखडा करतात, भारतीय मानकातच तसं आहे. म्हणून सगळं ओझं गच्चीच्या मध्यभागी रचू नका. बीम आणि खांबांच्या बाजूला, भिंतीलगत पसरून ठेवा. तळमजला किंवा अंगण असेल तर प्रश्नच नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा उन्हातला बार हाताला चटका देतो, तेव्हा पहाटेच आटपायचं.

आता लकडगंज. इथे मी किती शब्द खर्च करीन मला ठाऊक नाही!

महालातल्या एका जुन्या व्यायामशाळेत जाणाऱ्या काकांनी माझी ही सगळी जुळवाजुळव ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाले, "बाई, मुदगल नाही का घेतले अजून?" मी मुदगल फक्त हनुमानाच्या तसबिरींच्या शेजारी, कोपऱ्यात उभे पाहिले होते. त्यांनी जोडी हातात दिली, उजवा खांद्यावरून मागे सोडायला लावला, पाठीमागून फिरवून पुढे आणायला लावला. चार किलोचं लाकूड! बारवर मी याच्या कितीतरी पट उचलते, आणि तरी इथे खांदा, पाठ, मनगट, पोट सगळं एकदम जागं झालं. कारण साधं आहे: वजन मुठीपासून जितकं लांब, तितकं ते जड पडतं. मुदगलाचं पोट मुठीपासून हातभर लांब असतं, त्यामुळे थोड्या किलोत खूप काम होतं. कमी पैशात व्यायाम करणाऱ्याला याहून मोठी देणगी कुठली!

दुसऱ्याच दिवशी लकडगंज. आरामशीनचा आवाज, भुशाचा वास, सागवानाचे ओंडके. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग इथे हाताला लागतो, हे भाग्य देशात किती गावांना आहे? खरादीवाल्या दादांना कागदावर आकार काढून दाखवला, तर ते म्हणाले, "पलंगाचे पाय बनवून बनवून कंटाळलो, द्या इकडं." लाकूड निवडायचं ते वजनासाठी. तोच आकार सागात सव्वातीन किलोच्या आसपास बसतो, बाभळीत चारपर्यंत जातो. आकार न बदलता वजन वाढवायची सोय लाकडातच! मूठ जरा निमुळती ठेवायची, टोकाला लाडूएवढी गाठ, म्हणजे घाम आला तरी निसटत नाही. वर जवसाच्या तेलाचा हात.

आणि मग वाचत गेले, आणि थक्क झाले. इंग्रजांनी हिंदुस्थानात मुदगल पाहिले, आपल्या पलटणींच्या कवायतीत घेतले, हलके करून 'इंडियन क्लब' म्हणून युरोप-अमेरिकेत नेले, आणि ते थेट ऑलिम्पिकमध्ये पोचले! 1904 ला सेंट लुइस आणि 1932 ला लॉस एंजेलिस, दोन्ही ठिकाणी क्लब फिरवण्याची स्पर्धा होती, पदकांसकट. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्यात दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश संपादित केला. मुदगल, करेल, लेझीम, मल्लखांब असा आपला सगळा व्यायाम तिथे मांडलेला आहे. आणि आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली मंडळी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आली. ज्यांच्याकडे मशिन नव्हतं त्यांनी दगडाचा नाल उचलला, मातीचा हौदा खणला, लाकूड फिरवलं, आणि ते सगळं पद्धतशीर लिहून ठेवलं. घरची व्यायामशाळा स्वस्तात कशी करावी याचं सगळं ज्ञान मराठीत आधीपासून आहे!

आईनं हे सगळं दाराशी उभं राहून पाहिलं. ती साठीच्या पुढची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते, हे मी तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "मग दे ना इकडे." रेतीच्या छोट्या पिशव्या शिवून दिल्या, एकेक किलोच्या, त्या घेऊन ती खुर्चीवरून उठबस करते. परवा तिनं माझा मुदगल उभा धरून पाहिला, हलवून पाहिला, आणि खरादीवाल्या दादांकडे स्वतःची जोडी सांगायला लावली. लांबी माझ्यापेक्षा वीतभर कमी, लाकूड सागाचंच, आणि मुठीवर तिला लाल रंग हवा आहे. मंगळवारी आणायला जायचं आहे. येताना लोहा ओळीतून बारला लॉक करायला दोन क्लँपही घ्यायचे आहेत, शेजारच्या दोन जणी गच्ची बघायला येणार आहेत.