बाराबंदीचं पांढरं

नवा कॅमेरा घेतलेलं कुणी मला सुरुवात कुठून करू असं विचारलं, तर मी गड्ड्याची यात्रा सांगतो. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात. पुढे-मागे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं, हर्र बोला हर्रचा गजर आणि डोक्यावर जानेवारीचं निरभ्र ऊन. एक्स्पोजर शिकायला इतकी चांगली शाळा आपल्या गावात दरवर्षी भरते, आणि आपली मुलं यूट्यूबवर परदेशातल्या बर्फाचे व्हिडिओ बघत बसतात, याचं मला वाईट वाटतं.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परतलेला उजेड मोजतो. समोर बाराबंदी आहे की काळी घोंगडी, हे त्याला कळत नाही. जे दिसेल ते मधल्या करड्यावर, म्हणजे साधारण 18 टक्के उजेड परतवणाऱ्या रंगावर आणायचं, एवढंच त्याला ठाऊक. चौकट बाराबंद्यांनी भरली की तो उजेड कमी करतो आणि स्वच्छ धुतलेलं धोतर फोटोत मळकट उतरतं. मुलं म्हणतात, "सर, मीटर तर शून्यावर हाय की!" शून्यावर आहे म्हणूनच कपडे मळले, असं मी त्यांना सांगतो. दीड-दोन स्टॉप प्लसकडे गेलं की पांढरं पांढरं होतं आणि कापडाच्या चुण्याही राहतात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940च्या सुमारास अमेरिकेत झोन सिस्टिम बसवली, तिच्यात मीटरचा करडा पाचव्या झोनमध्ये येतो आणि पोत दिसणारं पांढरं सातव्यात. बाराबंदीची जागा तीच. नान्नजच्या माळावर काळवीट नर जवळून टिपताना उलट, मायनसकडे यावं लागतं, नाहीतर त्याची काळी पाठ राखाडी होते.

पण प्लस-मायनसमध्ये मी मुलांना फार काळ ठेवत नाही. मिरवणुकीत एका क्षणी चौकटभर पांढरं असतं, दुसऱ्या क्षणी डांबरी रस्ता आणि रंगीबेरंगी गर्दी. पांढऱ्याचं प्रमाण बदललं की ऑटोवरचा कॅमेरा दर फोटोला मत बदलतो. ऊन मात्र तेच असतं. सूर्य 15 कोटी किलोमीटरवर आहे. नंदीध्वज वाड्याजवळ असो की तळ्याकाठी, त्याच्यावर पडणाऱ्या उजेडात त्या अंतराने काही फरक पडत नाही. म्हणून मॅन्युअल. रोलच्या काळात फिल्मच्या खोक्यावर छोटा तक्ता छापलेला असायचा, त्यातला पहिला धडा हाच: लख्ख उन्हात एफ 16 आणि आयएसओच्या आकड्याजवळचा शटर. आयएसओ 100 असेल तर 1/125. गल्लीतल्या सावलीत शिरलात की साधारण तीन स्टॉप उघडा, बाहेर आलात की परत या. उजेड बदलला तरच बोट चाकावर जावं.

संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात हे सगळं कामाला येतं. सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाची संमती दिली, अशी कथा आहे, आणि तोच विवाह इथे दरवर्षी लागतो. हजारो हातांतून तांदूळ उडतात. 1/125ला त्या दाण्यांच्या रेघा होतात, 1/1000ला दाणा हवेत सुटा दिसतो. एफ 16 वरून 11, 8, 5.6 असे तीन टप्पे उघडा आणि शटर 250, 500, 1000 असा तितकाच वाढवा; फोटोचा उजळपणा तोच राहतो. मला स्वतःला 1/1000 आवडतो. एफ 5.6ला मागची गर्दी थोडी विरघळते आणि अक्षता टाकणारा एक चेहरा उरतो. फेट्याखाली त्या चेहऱ्यावर गडद सावली असते, तरी मी मोजमाप बाराबंदीसाठीच ठेवतो. रॉ फाइलमध्ये सावली बरीच वर काढता येते, जळून गेलेलं पांढरं परत येत नाही.

रात्री होम पेटतो तेव्हा दुपारचा हिशेब संपतो. आता उजेडाचा उगम चार पावलांवर आहे. जाळापासून दुप्पट अंतरावर उभ्या माणसाला जवळपास चौथाई उजेड मिळतो, म्हणजे दोन स्टॉपचा फरक. पुढच्या रांगेसाठी लावलेले आकडे मागच्या रांगेला चालत नाहीत. मी मुलांना सांगतो, एक अंतर निवडा, त्या अंतरावरच्या चेहऱ्यांसाठी आकडे लावा आणि तिथेच थांबा.

शोभेच्या दारूकामाला तर उजेड कशावर पडतोय हा प्रश्नच उरत नाही, आपण उजेडाचाच फोटो काढत असतो. ट्रायपॉड, आयएसओ 100, फोकस हाताने लावलेला, शटर बल्बवर. नवशिक्यांना वाटतं, शटर जास्त वेळ उघडा ठेवला की दारू जास्त उजळेल. तसं होत नाही. ठिणगी सेन्सरवर पुढे पुढे सरकत असते, एका जागी थांबत नाही, म्हणून तिच्या रेघेचा उजळपणा अ‍ॅपर्चर ठरवतं. शटर फक्त आभाळात फुलं किती जमतात ते ठरवतो. एफ 11 लावा, बाण सुटल्याचा आवाज आला की उघडा, फूल विझलं की मिटा. रेघा पांढऱ्या पडून रंग जात असतील तर एफ 16, फिक्या येत असतील तर एफ 8.