गादीखालचा पाऊस

ओरेगॉनचा हिवाळा, आणि आमचं घर म्हणजे एक जुनी आरव्ही. महिनाभर बायकोचा खोकला जाईना. एकदा गादी उचलली तर खालचा प्लाय काळा पडलेला, ओलागच्च! म्हटलं, छत गळतंय. शनिवारभर वर चढून सीलंट भरलं. बुधवारी पुन्हा ओल.

मग ट्यूब पेटली. पाणी आमचंच! रात्रभरची श्वासा-घामाची वाफ गादीतून उतरून थंड प्लायवर जमत होती. त्यात प्रोपेनची शेगडी. गॅस जळला की आणखी वाफ.

बायको रोज म्हणायची, "अरे, व्हेंट उघड ना." मीच थंडीच्या नावाने बंद करायचो.

कुजलेला प्लाय काढला, त्याजागी फटी ठेवून लाकडी पट्ट्या ठोकल्या. आता व्हेंट रात्रभर बोटभर उघडा असतो. थंडी वाजते, पण खोकला थांबलाय.

असो. सॉरी मात्र अजून म्हणायचंय...