वजा 141, अधिक 780

वसमतला हळदीच्या आडतीवर हिशेब लिहिण्यात माझी उमर गेली. शिक्षण बी.कॉम. लेक यंदा अकरावी सायन्सला. औंढ्याजवळ लायगो प्रकल्प येतोय, तेव्हापासून आपल्यालाही थोडं विज्ञान कळावं असं वाटतं, म्हणून तिचं रसायनशास्त्राचं पुस्तक चाळायला घेतलं आणि अडकलो.

पहिला घोळ चिन्हाचा. क्लोरीनच्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की पुस्तक लिहितं −349, म्हणजे एका मोलला तेवढे किलोज्यूल. मिळालं ते जमा, मग वजा कसं?

"पप्पा, ही वही इलेक्ट्रॉनची नाही, ऊर्जेची आहे. इलेक्ट्रॉन आत येतो, ऊर्जा बाहेर जाते."

पटलं. तर काही पुस्तकांत हाच आकडा अधिक! तिथं बाहेर पडलेल्या ऊर्जेलाच इलेक्ट्रॉन आसक्ती धरतात. जमा-नावे असं मर्जीनं फिरवलं तर आमच्याकडं मुनीमाची नोकरी जाईल.

मग फ्लोरीन. अणू लहान, केंद्रक जवळ, तेव्हा ओढ जास्त असायला हवी. आकडा मात्र −328. इवल्याशा जागेतले आधीचे इलेक्ट्रॉन नव्याला दूर लोटतात म्हणे.

खरा चक्रावलो ऑक्सिजनपाशी. पहिला इलेक्ट्रॉन घेताना 141 बाहेर पडतात. दुसऱ्या वेळी अणू स्वतःच ऋण झालेला, तो ऋण इलेक्ट्रॉनला कसा जवळ करील? सुमारे 780 घालावे लागतात. मग कळीच्या चुन्यात दोन इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन राहतो कसा? कॅल्शियमचे दोन काढायलाही 1735 खर्च. लेकीनं पुढची ओळ दाखवली: दोन्ही आयन स्फटिकात बसताना सुमारे 3400 बाहेर पडतात. धातूचे अणू सुटे करणं, ऑक्सिजनचा रेणू फोडणं, हे खर्च धरूनही सहाशेच्या वर उरतात. एकटा सुटा असता, तर तो ऑक्सिजन टिकलाच नसता.

चुना विरवताना पाणी खदखदतं, तेव्हा हाच ऑक्सिजन पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेतो. त्यातून होणाऱ्या अल्कलीनं आमची हळद लाल होते, तेच कुंकू. एवढा माल डोळ्यांखालून गेला, कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या पानावर लिहिलंय, क्लोरीनपेक्षा फ्लोरीनच जहाल ऑक्सिडीकारक. आता हे काय? त्याच्या रेणूतला बंध कमकुवत, हे कारण समजलं. पाण्यातल्या आयनांचं दुसरं कारण लेक क्लासहून आली की विचारीन.