जमदग्नी

नाव आजोबांनी ठेवलं. पितळी टाकी, तीन पाय, डोक्यावर काळी टोपी आणि नाकाच्या शेंड्यावर राग, असा तो आजीचा प्रायमस स्टोव्ह. आजी त्याला नुसतं ‘हा’ म्हणायची. ‘ह्याला सर्दी झालीय’ म्हणजे निपलमध्ये कचरा अडकलाय. ‘ह्याचा दम गेला’ म्हणजे पंपाचा चामडी वॉशर वाळलाय. आजोबा ‘हे’, स्टोव्ह ‘हा’. तक्रारी दोघांबद्दलच्या साधारण सारख्याच.

त्याची मर्जी राखायचा एक विधी होता. आधी किल्ली सैल करून टाकीतली हवा सोडायची. मग बर्नरखालच्या वाटीत थोडं स्पिरिट, नाहीतर रॉकेलात बुडवलेला काकडा पेटवून लावायचा, आणि थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नसे. बर्नर पुरता तापला की वर चढणाऱ्या रॉकेलची वाफ होते, ती निपलच्या बारीक भोकातून जोरात सुटते आणि निळी जळते. त्याआधीच घाईने पंप मारला तर वाफेऐवजी रॉकेलच वर येतं. पिवळा भपका उडतो, पातेलं काळं होतं. काकूंचं हे नेहमीचं. आजी काही न बोलता येऊन किल्ली सोडायची, जमदग्नी फुस्स करून बसायचा, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एरवी ती भयंकर तापट. चाळीच्या नळावर तिच्या वाटेला कुणी जात नसे. माणसांना तिने कधी एवढा वेळ दिला नाही.

पहाटे गिरगावातल्या त्या चाळीत घरोघरचे स्टोव्ह घोंघावू लागत. त्या गदारोळात आजीला कुणाचा कुठला ते अंथरुणातून कळे. ‘तिचा फुरफुरतोय, पिन मार म्हणावं.’ आमच्या पिना काडेपेटीत, देवाच्या फळीवर. दर शनिवारी चिंच लावून टाकी घासली जायची आणि वॉशरला खोबरेल मिळायचं. आम्हांला डोक्याला रविवारी.

हा मूळचा स्वीडनचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये काढला. आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला ते याचेच भाऊबंद बरोबर घेऊन. शाळेत असताना ही माहिती मी मोठ्या ऐटीत आजीला दिली. ती म्हणाली, ‘त्याला बर्फ वितळवायचा होता. तेरा माणसांचा भात कर म्हणावं.’

१९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या हाकेवर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा आजीही गेली. रॉकेलच्या रांगेत उभी राहून राहून ती पक्की राजकीय झाली होती. ‘जेवणाचं काय?’ आजोबांनी विचारलं. ‘हा आहे की. पंप मारा.’ त्या दिवशी सगळ्यांनी केळी खाल्ली.

याच सुमारापासून वर्तमानपत्रांत एक मथळा वारंवार दिसू लागला: स्टोव्हच्या भडक्याने विवाहितेचा अंत. आजी तो मोठ्याने वाचायची आणि पेपर आपटायची. अपघात होत नसत असं नाही. भेसळीचं रॉकेल, पेटत्या स्टोव्हमध्ये तेल ओतायची घाई, अंगावर नायलॉनची साडी, या सगळ्याने माणसं भाजत. पण तिचा प्रश्न साधा होता. सकाळ-संध्याकाळ सासवाही याच्यापुढे बसतात, मग हा नेमका नव्या सुनेवरच कसा भडकतो?

पलीकडच्या इमारतीत तसंच झालं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पंचनाम्याला गर्दी जमली, त्यात आजी घुसली आणि स्टोव्ह उचलून बघू लागली. हवालदार ओरडला. तिने त्यालाच विचारलं, ‘फुटला म्हणता, मग टाकीला पोचा कुठाय? किल्ली घट्ट, तेल काठोकाठ, बर्नरला धग लागल्याची खूण नाही. हा आज पेटलेलाच नाही.’ पुढे तिचा जबाब झाला, कोर्टात उलटतपासणी झाली. वकिलाने तिचं शिक्षण विचारलं. ‘चौथी,’ ती म्हणाली, ‘आणि चाळीस वर्षं स्टोव्ह.’ सगळे सुटले. त्या घरचं हळदीकुंकू तिने कायमचं बंद केलं, आणि जिन्यात ती माणसं भेटली तर तोंड फिरवायची नाही, रोखून बघायची. मला विचाराल तर तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम ते.

कलम ४९८-अ १९८३ मध्ये आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून किंवा संशयास्पद रीतीने बाई गेली आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झालेला दिसला तर तो हुंडाबळी धरायचा, हे ३०४-ब कलम १९८६ मध्ये. तोवर आमच्याकडे गॅस आला होता. आजीला त्याचं फार कौतुक नव्हतं. न बोलणारा माणूस तिला कधी आवडला नाही.

ती गेल्यावर वाटणीत दागिन्यांवरून थोडी कुरबूर झाली, जमदग्नीवरून नाही. तो माझ्याकडे आला. टाकी शाबूत आहे, बर्नर साफ आहे, पंप तेवढा हवा धरत नाही. जुन्या मापाचे चामडी वॉशर ठेवणारं दुकान कुणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवावं.