लॅमिंग्टन रस्त्यावरील बाजार

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर ग्रँट रोड नावाचे एक जुने स्थानक आहे. जलद लोकल तेथे थांबत नाही, एवढे परगावच्या माणसाने आधीच ध्यानात ठेवावे. दादरला धीमी गाडी धरली म्हणजे प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी आणि मुंबई सेंट्रल अशी स्थानके मागे टाकून गाडी येथे येते. पूर्वेच्या बाजूस उतरून थोडे चालले की लॅमिंग्टन रस्ता लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे हे नाव. रस्त्याच्या पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असले, तरी टॅक्सीवाल्यास आणि हमालास लॅमिंग्टन म्हटल्याखेरीज उमजत नाही.

आमच्या खानापूर तालुक्यातून कोणी मुंबईस निघाला म्हणजे शेजारीपाजारी त्याच्या हाती एक यादी देतात. हा रिवाज जुनाच आहे. यादीतील जिनसा मात्र पालटल्या. यंदा आमच्या यादीत औषध नव्हते की लग्नाचे कापडही नव्हते. एका घरी टेपरेकॉर्डरचा पट्टा हवा होता. दुसऱ्या घरी टीव्हीची केबल हवी होती. तिसऱ्या घरी, आखातातील मुलीने धाडलेली डीव्हीडी येथील प्लेअरवर का लागत नाही, याचा उलगडा हवा होता. आणि आमच्या शेजारच्या मावशींनी तर जुन्या बिस्किटाच्या डब्यात घालून, वर रुमाल बांधून, एक तबकडीच आमच्या स्वाधीन केली होती.

ती तबकडी त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची, २००६ सालची. लग्नाच्या आदल्या रात्री रोस झाला, तेव्हा मावशींच्या यजमानांनी मांडवात उभे राहून गाणे म्हटले होते. २०११ साली ते देवाघरी गेले. त्यांची छायाचित्रे घरात पुष्कळ आहेत. परंतु आवाज म्हणाल तर त्या एका तबकडीतच उरला आहे. मधल्या काळात जुना प्लेअर बिघडला, पेटीसारखा टीव्ही भंगारात गेला आणि पोराने भिंतीवर टांगायचा नवा टीव्ही आणला. त्याच्या पाठीमागे पिवळे, पांढरे आणि तांबडे ही तीन ओळखीची भोके काही दिसेनात. शहरातील एका मोठ्या दुकानात चौकशी केली, तेव्हा तेथील विक्रेत्याने ‘हे सगळं आता गेलं’ असे सांगून नवा साउंडबार, नवी पेटी आणि सोन्याचा मुलामा दिलेली केबल मिळून वीस हजारांच्या वरचा हिशेब मांडला. मावशी त्या दुकानातून निमूटपणे परत आल्या.

बेळगावहून रात्रीच्या गाडीने आम्ही भल्या पहाटे दादरला उतरलो. गोव्याच्या वाचकांस कोकणकन्या एक्स्प्रेस सोयीची आहे. तीही पहाटेच दादरला आणून सोडते. मात्र लॅमिंग्टन रस्ता उशिरा जागा होतो. अकरापर्यंत दुकानांचे पत्रे खालीच असतात, आणि रविवारी तर बहुतेक बाजार बंदच असतो. मधला वेळ आम्ही रस्ता पाहण्यात घालवला.

हा सारा भाग पूर्वी चित्रपटगृहांचा होता. येथून जवळच, गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात, १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट लागला. लॅमिंग्टन रस्त्यावरच्या मिनर्व्हामध्ये १९७५ साली ‘शोले’ आला आणि पाच वर्षे मुक्कामाला राहिला. त्याचा ध्वनी पडद्याच्या चहूंबाजूंनी येतो म्हणून माणसे पुनःपुन्हा तिकिटे काढीत. मिनर्व्हाची ती इमारत आता राहिलेली नाही. दक्षिण टोकाशी ऑपेरा हाऊस मात्र दिमाखात उभे आहे. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते आणि पुष्कळ वर्षे बंद राहून २०१६ साली ते पुन्हा उघडले. ज्या रस्त्यावर लोक चित्रपट पाहावयास येत, त्याच रस्त्यावर आता चित्रपट घरी नेण्याचे सामान घ्यावयास येतात.

आपल्या गोंयकार मंडळींचाही या शहराशी असा ध्वनीचा संबंध आहे. पहिला कोंकणी तियात्र गोव्यात नव्हे, तर १८९२ साली मुंबईतच रंगमंचावर आला. धोबीतलावच्या कुडांत बोटीची वाट पाहत राहणाऱ्या खलाशांनी पुढे किती टेपरेकॉर्डर गावोगावी पोहोचवले असतील, याची गणती करणे कठीण. त्या यंत्रांवर म्हाताऱ्यांची गाणी, मुलांची बोबडी बोलणी आणि परदेशी धाडावयाचे निरोप भरलेले आहेत. आज ते कपाटांत मुके पडून आहेत.

अकराच्या सुमारास पत्रे वर गेले, आणि पाहता पाहता रस्ता भरून गेला. केळ्यांच्या घडासारखे टांगलेले रिमोट, केबलींची मोठमोठी रिळे, पाळतीचे कॅमेरे, डब्यांनी लादलेल्या हातगाड्या. दर्शनी दुकानांत भाव अधिक आणि गल्लीत कमी, असा सर्वसाधारण प्रकार आहे. आम्ही तीन ठिकाणी विचारून चौथ्या ठिकाणी टेकलो. तेथील कच्छी शेठ साठीच्या पुढचे, मराठी उत्तम बोलणारे. काय हवे ते आम्ही सांगण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “भाऊ, टीव्हीच्या पाठीचा फोटो आणलाय का?”

फोटो आम्ही मोबाइलमध्ये काढून नेलाच होता. शेठजींनी तो बोटांनी मोठा केला आणि एका कोपऱ्यातील लहानशा वाटोळ्या भोकावर बोट ठेवले. त्याशेजारी बारीक अक्षरांत ‘एव्ही’ असे लिहिले होते. “तीन भोकं गेली नाहीत, या एकात शिरलीत,” ते म्हणाले. टीव्हीच्या खोक्यात वीतभर लांबीची एक केबल येते. तिच्या एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची भोके. ती म्हणजे रिकामा कचरा समजून बहुतेक घरांतून खोक्याबरोबर फेकली जाते. नवी घेतल्यास शंभर रुपयांच्या आत मिळते. मात्र पिनेवरच्या कड्यांचा क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो, म्हणून टीव्ही कोणत्या कंपनीचा ते सांगूनच घ्यावी; नाहीतर चित्राच्या जागी आवाज जातो आणि पडदा काळाच राहतो.

ज्या टीव्हीला तेही भोक नसेल, केवळ एचडीएमआयचे चपटे भोक असेल, त्यास एक लहान डबी लागते. येथे फार जण फसतात. या डब्या दोन प्रकारच्या आहेत, दिसावयास जुळ्या बहिणींसारख्या. एक जुन्या यंत्राचे चित्र नव्या टीव्हीला देते, दुसरी नव्या यंत्राचे जुन्या टीव्हीला. एकीचे काम दुसरी कधीच करीत नाही. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ हे शब्द वाचून, बाण कोणत्या दिशेला आहे ते पाहूनच पैसे द्यावे. डबीला मोबाइलच्या चार्जरसारखी वीजही लागते, तीही विसरू नये.

मावशींचा जुना प्लेअर तर दुरुस्तीपलीकडे गेला होता. त्यामुळे एचडीएमआय असलेला साधा डीव्हीडी प्लेअर पाहिला. तो दोन हजारांच्या आतबाहेर मिळाला. त्याच्या केबलीसाठी शेठजींनी दोन पुड्या पुढे केल्या, एक दोनशे रुपयांची आणि एक अठराशेची. आम्ही फरक विचारला. ते हसले आणि म्हणाले, “तुमच्या कामाला? काहीच नाही.” हे त्यांनी आम्हास नीट समजावून दिले, आणि ते सर्वांनी जाणून घेण्याजोगे आहे. जुन्या तीन रंगांच्या केबलीतून चित्र लाटेच्या रूपाने जात असे; केबल वाईट असली तर चित्र फिके पडे. २००३ साली बाजारात आलेल्या एचडीएमआयमधून केवळ आकडे जातात. आकडे पोहोचले तर चित्र पूर्ण येते. न पोहोचले तर ठिपके चमकतात, चित्र तुटते, नाहीतर पडदा काळा होतो. महागड्या केबलीने काकांचा आवाज गोड होत नाही. लांबी मात्र महत्त्वाची: दीड-दोन मीटरपर्यंत साधी केबल बिनधास्त घ्यावी, दहा मीटर न्यावयाची असेल तर चांगली पाहून, तेथेच लावून घ्यावी. फार मोठ्या आणि सूक्ष्म चित्राच्या टीव्हीला जास्त आकडे वाहणारी केबल लागते हे खरे. पण लग्नाच्या तबकडीत तेवढे चित्र मुळात असतच नाही.

स्पीकरच्या वायरीची गोष्ट निराळी. तेथे तांबे म्हणून तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम सर्रास विकले जाते. एक तार सुरीने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली की समजावे.

मग शेठजींनी तबकडी मागितली. “यंत्र नेण्याआधी माल तपासू,” असे म्हणून त्यांनी ती कडेने धरली, मऊ फडक्याने मधून बाहेर सरळ रेषेत पुसली (गोल गोल पुसू नये, चरे उमटले तर वाचणे कठीण होते) आणि नव्या प्लेअरमध्ये घातली. यंत्र बराच वेळ घरघरले आणि पडद्यावर ‘तबकडी नाही’ अशी सूचना आली. दुसऱ्या प्लेअरमध्येही तेच. घरी परतल्यावर मावशींना काय सांगावे, हा विचार आमच्या मनात येऊन गेला.

“घाबरू नका,” शेठजी म्हणाले. दुकानातून विकत मिळणाऱ्या चित्रपटाच्या तबकडीत खड्डे ठशाने उमटवलेले असतात. लग्नाचे छायाचित्रकार देतात त्या तबकडीत रंगाचा थर असतो आणि त्यावर किरणांनी लिहिलेले असते. ऊन आणि दमट हवा लागून तो रंग वर्षांगणिक उडत जातो. त्यांनी आतून एक जुना संगणक आणवला. “हा म्हातारा वाचतो,” असे म्हणत तबकडी त्यात सरकवली. संगणकानेही वेळ घेतला, पण वाचली. सगळे पेनड्राइव्हवर उतरावयास पाऊण तास लागला. तेवढ्यात दोन गिऱ्हाइके रागावून गेली, तरी शेठजींनी काम थांबविले नाही.

खात्री करण्यासाठी पेनड्राइव्ह समोरच्या टीव्हीला लावला. मांडव दिसला, दिवे दिसले, आणि काका मधोमध उभे राहिले. शेठजींनी शेजारच्या स्पीकरांचा गोंगाट बंद करविला. रस्त्यावरचे भोंगे वाजतच होते. त्यातून ते गाणे सबंध ऐकू आले. मध्ये दोन ठिकाणी चित्र अडकले, आवाज अडकला नाही. पेनड्राइव्ह थेट टीव्हीत चालतो म्हणताना प्लेअर घ्यावा की नाही असे आम्ही विचारले. शेठजी म्हणाले, “बाईंकडे आणखी तबकड्या असतील तर घ्या, नसतील तर पैसे वाचवा.” मावशींकडे दुसरी तबकडी नव्हती. आम्ही प्लेअर परत ठेवला आणि दोन पेनड्राइव्ह घेतले. एवढ्या विक्रीत त्या गृहस्थास काय लाभले असेल ते असो. पक्की पावती मात्र त्यांनी न मागता दिली.

आखातातून आलेल्या डीव्हीडीचाही उलगडा तेथेच झाला. कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले आहेत: हिंदुस्थान पाचव्या विभागात, आखात आणि युरोप दुसऱ्यात, अमेरिका पहिल्यात. एका विभागाची तबकडी दुसऱ्याच्या प्लेअरवर लागत नाही. सर्व विभागांचा प्लेअर मागून घ्यावा लागतो. घरगुती तबकड्यांना ही अडचण नसते. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा समोरच्याच गल्लीत काही रुपयांत मिळाला.

व्हिडिओ कॅसेटींचे दुखणे अधिक कठीण आहे. व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या कारखान्याने २०१६ साली ते काम बंद केले. आता मिळेल ते जुनेच. ग्रँट रोडवरून पूर्वेकडे चालत गेल्यास चोरबाजारातील मटन स्ट्रीट लागते, तेथे असे जुने यंत्र कधी कधी सापडते. शुक्रवारी ती दुकाने बंद असतात. परंतु आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटीच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी फीत यंत्रात घातली तर फीतही जाते आणि यंत्राचे डोकेही. खिडकीतून बुरशी दिसली की ती कॅसेट घरी न लावता जाणकाराकडे न्यावी.

परत आल्यावर मावशींचे एकूण आठशे रुपये खर्च झाल्याचा हिशेब आम्ही त्यांच्या हाती दिला. एक पेनड्राइव्ह त्यांच्या कपाटात आहे, दुसरा नाताळास आलेल्या जावयाबरोबर मुलीकडे कुवेतला गेला. मूळ तबकडी कागदात गुंडाळून पुन्हा बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहे. डबा मात्र खिडकीतून हलवून आतल्या खोलीत नेला. गावातील आणखी चार घरांतून आता तबकड्या बाहेर निघाल्या आहेत, आणि पुढील खेपेची यादी तयार होत आहे.